खांब उंच नको, आडवा करता येणारा हवा

आमच्या शाळेचा झेंड्याचा खांब बदलायचं ठरलंय. चांगलंच झालं. पण ग्रुपवर चर्चा चाललीय ती नुसती उंचीची. कुणी ४० फूट म्हणतंय, कुणी ५०. देणगीदारही तयार आहेत, फक्त ओट्यावर नावाची फरशी ठसठशीत हवी. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंड कापून-जोडून वस्तू बनवायचं काम करतो. शेड, जिने, खांब हा रोजचा धंदा, म्हणून लिहितोय.

आधी एक सांगा, आत्ताचा खांब सडलाय कुठं ते कुणी खाली वाकून बघितलंय का? वर चंदेरी रंग चकचकतोय, कारण २६ जानेवारीच्या तोंडावर रंगाचा हात मारतातच. सडलाय तो ओट्याशी, पाइप सिमेंटमध्ये शिरतो बरोबर तिथं. तिथं खळगा पडलाय, पावसाचं पाणी साठतं आणि रंगाच्या पोपड्याखाली गंज खात बसतो. हातोडीनं ठोकून बघा. छातीएवढ्या उंचीवर ठण्ण वाजतो, तळाशी बद्द. वरची टोपी उडाली असेल तर पाणी आतूनही उतरतं, आणि आतून खाल्लेला पाइप बाहेरून अजिबात कळत नाही.

दुसरं दुखणं कप्पीचं. २६ जानेवारीला झेंडा वरच बांधलेला असतो, दोरी ओढली की उलगडला. १५ ऑगस्टला तो खालून वर चढवायचा असतो, म्हणजे कप्पीची परीक्षा भर पावसाळ्यात. कप्पी गंजून जाम, दोरी खोबणीतून निसटून बाजूला अडकलेली, पाहुणे ताटकळलेले आणि पीटी सर झटक्यावर झटके देतायत, हे बघितलं नाही असा सोलापूरकर विरळाच. मग एखाद्या काटक पोराला वर चढवतात. तळाला सडलेल्या खांबावर पोरगं! हे बंद झालंच पाहिजे, बाकी काही होवो न होवो.

म्हणून माझं म्हणणं, २०-२५ फुटांचा जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घ्या आणि तळाला बिजागरीची बेस प्लेट करा. पायात फाउंडेशन बोल्ट, त्यावर प्लेट. बोल्ट सोडले की चार माणसं खांब अलगद आडवा करतात. कप्पीला ग्रीस, नवी दोरी, टोपी, रंग, सगळं जमिनीवर उभं राहून. फक्त तो ज्या बाजूला पडणार तिकडं विजेची तार नको, ही गोष्ट जागा ठरवतानाच बघायची. ५० फुटी खांबाला दर वेळी क्रेन लागणार, आणि क्रेनचं भाडं कुठल्या हेडमधून टाकायचं ते मुख्याध्यापकांना विचारा. शिवाय उंची दुप्पट झाली की त्याच झेंड्यावरच्या वाऱ्याचा तळावरचा जोरही दुप्पट होतो. खाली आपली काळी माती, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. वरवरचा पाया घातला तर खांब कलणारच. मुरूम लागेपर्यंत खोदा.

उंचीचा हट्ट कुठून येतो ते मला कळतं. १९३० साली इथल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, त्याच वर्षी शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात आपले चार हुतात्मे फासावर गेले. झेंड्याच्या बाबतीत सोलापूर हळवं असणारच. पण सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारे आधी कितीतरी दिवस सराव करतात, आणि शाळेच्या झेंड्याची दोरी आपण १४ ऑगस्टच्या संध्याकाळी पहिल्यांदा ओढून बघतो.

कुणीतरी रात्रंदिवस झेंडा ठेवू असंही सुचवलंय. २०२२ पासून नियमात बसतं, हे खरं. पण फाटका, मळका झेंडा फडकवायचा नाही हाही नियमच आहे. एप्रिल-मे मधल्या आपल्या उन्हात कापड किती टिकेल? सुट्टीत रोज मान वर करून बघणार कोण, शिपाईमामा? शाळेनं या फंदात पडू नये.

देणगीदारांनी खुशाल फरशी लावावी. तिच्यावर नावासोबत एवढंही कोरा की दरवर्षी जुलैत दोरी, कप्पी, ग्रीसचा खर्च हेच देतील. नायलॉनची दोरी उन्हानं कडक होऊन तुटते, ती बदलायला असे कितीसे पैसे लागतात?

राहिला जुना पाइप. तो भंगारात घालू नका. तळाचा सडका भाग कापला की उरलेल्यात व्हॉलीबॉलच्या नेटचे दोन खांब सहज निघतील. कटिंग-वेल्डिंग माझ्याकडून.