गोव्याचं ०८३२ दिसलं म्हणून तो आपला माणूस होत नाही

आमच्या वाड्यावरच्या काकींना वीज खात्याच्या नावाने कोणीतरी लुबाडलं आणि आज सकाळपासून ग्रुपवर एकच पालुपद चाललंय: "शिकलेली बाई, तिला कळू नये?" राग आलाय म्हणून लिहितेय. कळू नये अशीच तर ती सगळी मांडणी असते.

मेसेज असा: मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल, अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर. वेळ मुद्दाम रात्रीची, कारण तोवर कचेरी बंद झालेली असते, खात्री करायची कुठे? काकींनी बिल भरलेलं होतं. पण मुलगा बोटीवर, घरात एकटी बाई. धस्स होणारच.

मग फोनवर, "फक्त दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल." त्या दहा रुपयांत कोणालाच रस नसतो. आधी स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावतात, मग लिंक पाठवतात. तुम्ही कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरता आणि ते सगळं तिकडे दिसत राहतं. ओटीपी आला की वरच्या पट्टीत तोही दिसतो. खरं तर त्या ओटीपीच्या मेसेजमध्येच रक्कम लिहिलेली असते. काकींच्या मेसेजमध्ये दहा नव्हे, ४८ हजार होते. पण कानाशी कोणी "लवकर, लवकर" करत असेल तर सहा आकडे तेवढे दिसतात, बाकीची ओळ कोण वाचतं?

हो, ॲप घ्यायला नको होतं. कबूल.

पण हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे की वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते? "आज रात्री तोडतो" इथेच खोटेपणा उघडा पडतो.

आणि "नंबर तर गोव्याचाच होता" हे तर डोक्यातून काढूनच टाका. इंटरनेटवरून केलेल्या कॉलला ०८३२ चा, म्हणजे गोव्याच्या एसटीडी कोडचा, मुखवटा चढवता येतो. मोबाइल नंबरवरून गाव ओळखायचे दिवस कधीच गेले. २०१५ पासून नंबर तोच ठेवून देशभर कुठेही जाता येतं. दुसऱ्याच्या नावावरची सिमकार्डंही या लोकांकडे असतात. कॉलर आयडीच्या ॲपवर "वीज अधिकारी" असं नाव झळकलं तरी त्याला अर्थ नाही, ते नाव कोणीही तसं नोंदवू शकतो. आता ०८३२ वरून येणारे सगळेच फोन खोटे नसतात, गोमेकॉतूनही (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातूनही) येतो, म्हणून उचलू नका असं म्हणत नाही. उचला, ऐका, ठेवा, आणि जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा.

मेसेज ओळखणं त्या मानाने सोपं. सरकारी खातं किंवा बँक दहा आकडी मोबाइलवरून एसएमएस पाठवत नाही. तिथे अक्षरी नाव असतं आणि शेवटी डॅश देऊन एक अक्षर. जी म्हणजे सरकारी, टी व्यवहाराचा, एस सेवेचा, पी जाहिरातीचा. आणि व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, आली तर ती उघडायचीच नाही, मग पाठवणारा तुमचा भाचा का असेना. त्याचाच फोन त्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

काकी रात्रभर गप्प बसून राहिल्या. लाजेने. सकाळी सांगितलं, तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. याला तुमची ती "शिकलेली बाई, तिला कळू नये?" छापाची वाक्यंच कारणीभूत आहेत, मला दुसरं कारण दिसत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच सांगा की असं काही झालं तर तुला कोणी बोलणार नाही, फक्त त्याच क्षणी हाक मार.

फसलातच तर आधी फोनचं इंटरनेट बंद, मग ते ॲप काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय बंद करा आणि लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. रक्कम, वेळ, खाते क्रमांक आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा बारा आकडी असतो. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ओटीपी तुम्हीच दिलेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून घ्या, पुढे बँकेशी भांडताना तोच लागतो.