किट टाकल्याने झिजलेला कार्बोरेटर नवा होत नाही

कार्बोरेटर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, आणि जेट म्हणजे त्यातलं पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. जुन्या मोटारसायकली बाळगणाऱ्यांमध्ये त्यांच्याबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साधारण असा: "कार्बोरेटर खराब झाला की रिपेअर किट टाका. जेट तारेने मोकळे करा. गाडी हवा ओढत असेल तर कार्बोरेटरचे नट कचकचून आवळा. प्लग काळा पडत असेल तर मेन जेट एक नंबर लहान टाका. एवढं करूनही जमलं नाही, तर जुना भंगारात काढा आणि नवा बसवा." पाचही वाक्यं छोटी आहेत, चटकन पाठ होतात, म्हणून ती पसरली. पण त्यांच्यापायी दुरुस्त होण्यासारखे कार्बोरेटर वाया गेलेत आणि काही पिस्टनही.

आधी किट. किटमध्ये असतं काय? गॅस्केट, ओ-रिंग, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई, फार तर एखाद-दुसरा जेट. रबर कडक झालं असेल, गॅस्केट दबून फाटलं असेल, तर किट टाकायलाच हवं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनी रबरं फुगतात, आकसतात, त्यामुळे व्हिटॉनचे, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे, भाग मिळाले तर तेच घ्यावेत. इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. पण जुन्या कार्बोरेटरची खरी झीज दोन ठिकाणी होते. एक, स्लाइड, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीने वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा तुकडा, आणि ती ज्यात सरकते तो बॉडीचा बोअर, म्हणजे गोल पोकळी. दुसरी, नीडल, म्हणजे स्लाइडला लटकणारी निमुळती सुई, आणि ती ज्यात शिरते तो नीडल जेट. पहिली जोडी किटमध्ये नसतेच. दुसरी कधी असते, कधी नसते.

अमाल या ब्रिटिश कंपनीचा कॉन्सेन्ट्रिक कार्बोरेटर, म्हणजे 1967 साली आलेला, घ्या. त्याची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, आणि मूळची स्लाइडही तशीच. दोन सारखे मऊ धातू एकमेकांवर घासले की दोघंही झिजतात. त्यात इंजिनाची ओढ स्लाइडला कायम इंजिनाच्या बाजूला दाबून धरते, त्यामुळे झीज एकाच अंगाला होते आणि बोअर गोल न राहता अंडाकृती होतो. फिल्टर काढून गाडी चालवली असेल तर धूळ हे काम आणखी लवकर उरकते. परिणाम आधी आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडून इंजिन नुसतं चालू असताना, दिसतो. बंद स्लाइडच्या कडेने जास्तीची हवा आत शिरते, रेस एकसारखी राहत नाही, कधी चढते, कधी गाडी सिग्नलला बंद पडते. माणूस आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू फिरवत बसतो आणि आज केलेलं सेटिंग उद्या राहत नाही. नवी ओ-रिंग याला काय करणार?

तपासणी अवघड नाही. स्लाइड बाहेर काढून उजेडात फिरवा. एका बाजूला उभा चकचकीत पट्टा दिसेल, त्याच्यासमोर बोअरमध्येही तसाच. मायक्रोमीटर असेल तर स्लाइडचा व्यास पट्ट्यावर मोजा आणि त्याच्या काटकोनात मोजा. बोअर अगदी वर, जिथे घर्षण सगळ्यात कमी, आणि खाली, अशा दोन ठिकाणी मोजा. आकड्यांतला फरक हीच झीज. नुसती नवी स्लाइड टाकून अर्धंच काम होतं, कारण बोअर अंडाकृतीच राहतो. खरा इलाज म्हणजे बोअर लेथवर किंवा होन करून (घासदगडाने घासून) पुन्हा गोल करायचा आणि त्या मापाला स्लाइड जुळवायची: जुन्या स्लाइडवर पितळेची स्लीव्ह चढवून, किंवा ओव्हरसाइज स्लाइड घालून. मापाची हार्ड अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची स्लाइड मिळाली तर उत्तम. तिचा पृष्ठभाग कडक असतो आणि जस्तावर जस्त घासणं थांबतं. एक काळजी मात्र घ्यायची. स्लाइडचा कटअवे, म्हणजे तिच्या खालच्या कडेचा तिरका काप, मूळच्याच नंबरचा हवा. अमालमध्ये तो नंबर इंचाच्या सोळाव्या भागात असतो, म्हणजे 3 नंबर म्हणजे तीन-सोळांश इंच. तो चुकला की मूठ नुकतीच उघडल्यावरची सगळी चाल बिघडते.

किट टाकलंच तर जुने जेट लगेच फेकू नका. नव्यावरचा नंबर जुन्याशी ताडून पाहा. किटमधला जेट दुसऱ्याच मॉडेलचा असू शकतो.

"जेट तारेने मोकळे करा." हे वाक्य सगळ्यात निरुपद्रवी वाटतं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. जेट पितळेचा, तार पोलादाची. तार आत-बाहेर केली की भोकाची कड खरवडली जाते. 0.40 मिलिमीटरचा पायलट (आयडलिंगचा) जेट घासून 0.44 झाला तर डोळ्याला काहीच दिसत नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढलेलं असतं. मग गाडी आयडलिंगला रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर, चालते आणि मालक समजतो की साफ तर केला होता! जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका, अल्ट्रासॉनिक टबमध्ये टाका. नायलॉनचा केसही चालतो. लिंबू-व्हिनेगरमध्ये कार्बोरेटर रात्रभर बुडवून ठेवण्याचाही सल्ला ऐकू येतो. जस्ताला आम्ल खातं, तेव्हा ते बॉडीला लावूच नका.

इथे एक अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. कॉन्सेन्ट्रिकच्या बऱ्याच नमुन्यांत पायलट जेट सुटा नसतो, तो बॉडीत खोल दाबून बसवलेला असतो आणि हवा मारूनही मोकळा होत नाही. तिथे एअर स्क्रू काढून त्या वाटेने नेमक्या मापाचा, 78 नंबरचा, म्हणजे 0.016 इंचाचा ड्रिल बिट बारीक दांडीला लावून नुसत्या बोटांनी फिरवतात. बिट जेटच्याच मापाचा असतो, म्हणून कचरा निघतो आणि भोक तेवढंच राहतं.

नट आवळण्याबद्दल थोडक्यात. दोन स्टडवर बसणारी जस्ताची फ्लँज, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणारी सपाट कड, जास्त आवळली की तिचे कान इंजिनाकडे वाकतात. मधला भाग नीट टेकत नाही, गाडी आणखी हवा ओढते. वाकडी फ्लँज बॉडीलाही चिमटते आणि मग स्लाइड अडकते. मूठ सोडल्यावर स्लाइड खाली येत नसेल तर तो सरळसरळ धोका आहे. फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरा. फट दिसली तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासा, पण ओ-रिंगची खाच उथळ होणार नाही एवढंच. हवा नेमकी कुठून येते हे पाहायला आयडलिंगला जोडावर पाण्याचा फवारा मारा, रेस बदलली तर गळती तिथेच. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे मारू नका.

आता मेन जेट. पाचांतला हा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो. मेन जेटचा हिशोब मूठ पाऊण उघडल्यानंतरचा. सुरुवातीला पायलट, मग कटअवे, आणि साधारण पाव ते पाऊण मुठीपर्यंत नीडल आणि नीडल जेट. रोजची गाडी बहुतेक वेळ याच टप्प्यात चालते आणि प्लग काळा होतो तोही बहुतेकदा इथेच. अमालच्या 106 नंबरच्या नीडल जेटचं भोक 0.106 इंच, म्हणजे 2.69 मिलिमीटर. त्यातल्या नीडलचा सरळ भाग 2.50 धरला तर पेट्रोल वर यायला मधली जागा 0.77 चौरस मिलिमीटर उरते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने नीडल आपल्या जेटच्या कडेला घासते. भोक फक्त 0.05 मिलिमीटरने वाढलं की तीच जागा 0.99 होते, म्हणजे सव्वापटीहून अधिक. इथे मेन जेट लहान केला तर मधल्या टप्प्यातला रिचपणा जवळपास तसाच राहतो आणि पूर्ण मुठीला इंजिन लीन होतं (त्याला पेट्रोल कमी पडतं), तापतं. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. आधी मुठीवर आणि तिच्या घरावर चिकटपट्टीने पाव, निम्मी, पाऊण अशा खुणा करा आणि गाडी नक्की कुठल्या खुणेवर रडते ते पाहा. नीडल काढून क्लिपखाली आणि जेटमध्ये बसणाऱ्या भागावर नख फिरवा. पायरी लागली तर नीडल आणि जेट दोन्ही जोडीनेच बदला. त्याआधी पॉइंट, कंडेन्सर (स्पार्कचे भाग) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा. कमजोर स्पार्कनेही प्लग काळाच पडतो.

ओव्हरफ्लोचाही, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहून जाण्याचाही, दोष बऱ्याचदा मेन जेटच्या माथी मारतात. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा. छिद्र असेल तिथून बुडबुडे येतात. झाळण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण काढून फ्लोट नीट सुकवा, नाहीतर स्फोटाची भीती. झाळ अगदी थोडी लावा. फ्लोट जड झाला की खोल बसतो आणि पेट्रोलची पातळी वाढते.

राहता राहिला भंगाराचा प्रश्न. बॉडीला तडा गेला असेल, आतले मार्ग गंजून खाल्ले गेले असतील, आटे भरून येण्यापलीकडे गेले असतील, तर बॉडी बदलावीच लागते. नुसत्या झिजेसाठी नाही. बदलायचीच असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा कार्बोरेटर घ्या आणि जुन्याचे मेन जेट, नीडल जेट, कटअवे यांचे नंबर आणि नीडलची क्लिप कितव्या खाचेत होती ते लिहून ठेवा. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तर ते नंबर उपयोगाचे नाहीत, जेटच्या क्रमांकांची पद्धतच वेगळी असते, आणि सेटिंग पायलटपासून नव्याने करावं लागतं.