‘एकांत मिळालाच नाही’: आमच्या कॅम्पर व्हॅनवरच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार दिलेत, पण मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी स्वच्छ होती, चालवायला सोपी होती. पण एसी रात्री बंद पडला, वाळूवर गाडी लावू दिली नाही, रोज संध्याकाळी ‘कुठे आहात’ म्हणून विचारणा झाली, आणि मुख्य म्हणजे एकटीने फिरायला आलेल्या बाईला गोव्यात कुणी एकटं राहूच दिलं नाही. पेडण्यातल्या आगरवाड्यात तर रात्री दहाला एका अनोळखी माणसाने थाप मारून तुम्हाला ‘हाकललं’.

एसीचं आधी सांगून टाकते. गाडीत 12 व्होल्टची, 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे. पूर्ण भरली तर साधारण अडीच युनिट वीज. छतावरचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास ओढतो, शिवाय फ्रीज आणि पंखा. म्हणजे नुसत्या बॅटरीवर दोन तास, फार तर थोडा जास्त. म्हणूनच मुक्कामाला आम्ही ज्या घरांची अंगणं सुचवतो, त्या प्रत्येक अंगणात 15 अँपिअरचा प्लग आहे, आणि केबल कशी जोडायची ते चावी देताना दाखवतो. अंगणात होतात तेव्हा एसी पहाटेपर्यंत चालला हे तुम्हीच लिहिलंय. बंद पडला तो आगरवाड्याला नदीकाठच्या बांधावर, कारण तिथे प्लग नव्हता.

वाळूचं उत्तर यापुढेही ‘नाही’ असंच राहील. किनाऱ्यावर गाडी नेली तर पोलीस कारवाई करतात, आणि ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत बाहेर काढायला धावाधाव करणारे पर्यटक इथे दर हंगामात दिसतात. पण मला त्याहून जास्त वाटतं ते कासवांचं. मोरजी, मांद्रे, आणि तिकडे काणकोणात आगोंद, गालजीबाग, या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तुम्ही आलात मार्चमध्ये. पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात, म्हणजे तेव्हा वाळूखाली अंडी होतीच. वनखात्याने जाळी लावलेलं घरटं दिसतं, कुणाला न सापडलेलं दिसत नाही. पिल्लं रात्री निघतात आणि उजेडाकडे चालतात. पाण्यावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं म्हणून त्यांना समुद्र सापडतो. तिथे गाडीचा दिवा लावला की ती रस्त्याकडे चालू लागतात. मांद्र्याच्या किनाऱ्यावर ज्या मुलाने तुम्हाला शेगडी विझवायला सांगितली, त्याच्यावरही तुम्ही रागावलात. उघड्यावर स्वयंपाक करायला इथे कायद्याने बंदी आहे. पर्यटनस्थळांच्या 2001 च्या कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली तेव्हाच एकट्याला 2000 आणि गटाला 10,000 रुपये दंड ठरला होता. त्या मुलाने तुमचे पैसे वाचवले.

आता आगरवाडा. यावर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

आम्ही दिलेली जागा मिठागरांच्या वरच्या अंगाला, घराच्या अंगणात होती. सूर्यास्त बघायला म्हणून तुम्ही गाडी खाली खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल खारजमिनीच्या, बांधावर नेलीत आणि तिथेच मुक्काम करायचं ठरवलंत. जागा देखणी आहे, त्यात वाद नाही. एका बाजूला शापोरा नदी, दुसऱ्या बाजूला मिठाचे पांढरे ढीग. पण तो बांध चिखलमातीचा आहे, आणि पाणी-सामान भरलेली आमची गाडी तीन टनांच्या घरात जाते. त्यात ती फाल्गुन पौर्णिमा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, आणि आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला पूर्ण होते. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा पाणी बरंच खाली दिसलं असेल. बाराला ते बांधाच्या काठाला लागतं, आणि बांध जिथे खचलाय तिथून वर चढतं.

थाप मारणारा माणूस तिथल्या मानशीवरचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी ते दार ढकलून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ते उघडून नदीत जातं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी केलेली ही सोय. मानशीवर मासळी धरण्याचा हक्क लिलावात जातो. ज्याने तो घेतला त्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. पाणी उलटलं की दाराशी जाळं लावायचं, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. तेव्हा रात्री दहाला बांधावर त्याचं असणं अगदी रोजचं होतं.

तुम्ही लिहिलंय, तो ‘टॉर्च स्वतःच्याच तोंडावर मारून विचित्र उभा होता’. ताई, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अंधारात परक्या बाईच्या गाडीपाशी जायची वेळ आली तर भल्या माणसाने आणखी काय करावं? त्याने उजेड तुमच्या खिडकीत मारला नाही. दाराला हात लावला नाही, बॉनेटवर थाप दिली. मग मागे सरकून उभा राहिला आणि तुम्हाला दिसावा म्हणून आपला चेहरा उजेडात धरला. हे सगळं तुमच्याच लिहिण्यात आहे. बोलला ते एवढंच: ‘गाडी वयर घे गो बाय, भरती येतली.’ एकेरीत बोलला म्हणून तुम्हाला लागलं. आपल्या मुलीशीही तो याच शब्दांत बोलला असता. पुढे तुम्ही ‘पाठलाग’ म्हणता तो असा, की तुम्ही गाडी रिव्हर्स घेत होतात तितका वेळ तो मागच्या चाकाजवळ उजेड धरून चालत राहिला. त्या बांधावर गाडी वळवता येत नाही. चाक कडेवरून घसरतंय का हे कुणीतरी बघावंच लागतं. तुम्ही डांबरी रस्त्याला लागलात तसा तो परत गेला.

तुम्ही घाबरलात यात काही वावगं नाही. मीही बाई आहे, रात्रीअपरात्री एकटीने गाडी चालवते, काचेवर थाप पडली की पोटात कसा गोळा येतो ते मला ठाऊक आहे. म्हणून तर चावी देताना आम्ही बजावतो: गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे ठेवा, झोपताना ड्रायव्हरची सीट मोकळी ठेवा, दार न उघडता काचेआडून बोला. ‘एकटीच?’ असं कुणी विचारलं तर ‘अमक्यांच्या अंगणात उतरलेय, ते वाट बघतायत’ म्हणून सांगा. बरं वाटलं नाही तर निघा, आणि गरज पडली तर 112 लावा. माणसं सगळी सारखी नसतात. जो आपलं घर कुठलं ते आधी सांगतो, त्याच्याशी दोन शब्द बोलायला हरकत नाही. जो स्वतःबद्दल काही न सांगता तुम्ही किती दिवस आहात, कुठे झोपता एवढंच खोदून विचारतो, त्याच्यापासून लांब राहा. हा फरक ओळखत-ओळखतच एकटीचा प्रवास होतो, आणि तो ओळखायला माणसांशी बोलावंच लागतं.

संध्याकाळच्या मेसेजची अटही तशीच राहील. सत्तरीत, नेत्रावळीच्या रानात, चोर्ला घाटात कित्येक वळणांवर फोनला रेंज नसते. तुमचा मेसेज आला नाही तर पुढच्या अंगणात फोन करून गाडी पोचली का विचारता यावं, एवढ्यासाठी तो आहे. तुमची वाट कुणी ठरवत नाही.

पहाटे भोंगा वाजवणारा पोदेर, म्हणजे पाववाला, तुम्हाला झोपमोड करणारा वाटला. सायकलच्या टोपलीत गरम पोई, कातरे पाव, काकणं (बांगडीसारखे गोल पाव) घेऊन तो दारोदार जातो आणि कुठल्या घरात माणूस उठलेलं नाही हे शेजाऱ्याआधी त्याला कळतं. दुसऱ्या दिवशी त्याने तुमच्या गाडीचं दार बंद बघून घरमालकिणीला ‘पाहुणी बरी आहे ना’ म्हणून विचारलं, तो नसता चौकसपणा नव्हता. तिने तुम्हाला गाडी दोनदा हलवायला लावली, कारण तुम्ही ती दोन्ही वेळा माडाखाली लावलीत. नारळ किंवा झावळी वरून पडली तर छतावरचं सोलर पॅनल फुटेल, आणि त्या वेळी तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसला असाल तर काय होईल हे मला लिहवतसुद्धा नाही. ढोल वाजत होते ते शिगम्याचे. पेडण्यात पौर्णिमेपासून शिगमो सुरू होतो. ढोल वाजवणाऱ्यांनी तुम्हाला मांडावर, म्हणजे शिगमो खेळतात त्या जागी, बोलावलं होतं, याचाही उल्लेख तुमच्या लिहिण्यात आहे. मिठागरातल्या बायांनी फोटोला नको म्हटलं, तर तो त्यांचा हक्क. अनोळखी माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, अशी सूचना पर्यटन खात्यानेही 2023 च्या जानेवारीत काढली होती. एकांत जसा तुम्हाला हवा, तसा काम करताना त्यांनाही हवा.

गाडी कुणीही विकत घेऊन भाड्याने देऊ शकतो. आम्ही पेडणं, डिचोली, सत्तरीत घरोघरी जाऊन ही अंगणं मिळवली, प्रत्येक घराला सांगितलं की एकटी बाई येईल, एकटा म्हातारा माणूस येईल, लक्ष असू द्या. आमच्या भाड्यात ही माणसं धरलेली आहेत. त्यांना दूर राहायला सांगून गाडी देणं आम्हाला जमणार नाही, कारण मग रात्री दहाला पाणी चढतंय हे सांगायला कुणी येणार नाही.

तुम्हाला खरोखर कुणाशी न बोलता चार दिवस हवे असतील तर तशी इच्छा असण्यात गैर काही नाही. बोंडला आणि मोले इथे वनखात्याची राहायची सोय आहे, रान शांत आहे. त्यासाठी कॅम्पर व्हॅन लागत नाही, साधी गाडी पुरते. एसीसाठी मागितलेला परतावा वर लिहिलेल्या कारणामुळे देता येणार नाही. डिपॉझिट पूर्ण परत केलेलं आहे.

हे वाचणाऱ्या आणि एकटीने यायचं मनात असलेल्या मैत्रिणींसाठी: ज्या घरी बाई कायम असते अशाच अंगणांची वाट हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा. आम्ही तशी वाट आखून देतो आणि घरमालकिणीशी आधी फोनवर बोलणंही करून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.