बाहुलीचा चेहरा हलत नाही म्हणून

मे महिन्यात कुडाळच्या घरी सगळे जमले होते आणि पुतण्याने एका रात्री टीव्हीवर ‘द डार्क क्रिस्टल’ लावला. मीच कितीतरी वर्षं मागे लागले होते, बघा म्हणून. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर एकेकाची मतं ऐकली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीत. दादा म्हणाला, बाहुल्यांचा खेळ, पोरासोरांना ठीक आहे. वहिनी म्हणाली, पोरं रात्री दचकून उठत होती, हा मुलांचा सिनेमा कसला? आणि पुण्यात ॲनिमेशन शिकणारा पुतण्या म्हणाला, “आत्या, त्या जेनचा चेहरा हलतच नाही गं. कॉम्प्युटरवर केला असता तर कुठल्या कुठे गेला असता.”

दिग्दर्शक जिम हेन्सन आणि फ्रँक ओझ यांचा हा १९८२चा बाहुल्यांचा सिनेमा. हजार वर्षांपूर्वी एक स्फटिक तडकला, त्याचा एक तुकडा निखळला आणि दोन जमाती जन्मल्या. गिधाडांसारखे क्रूर स्केक्सिस आणि संथ, सोशिक मिस्टिक. जेन नावाच्या पोराने तो तुकडा परत जागेवर बसवायचा आहे. पडद्यावर माणूस म्हणून एकाचाही चेहरा दिसत नाही.

तो चित्रित झाला लंडनजवळच्या आमच्या बोरहॅमवूडमध्ये, एल्स्ट्री स्टुडिओत. शेनली रोडवरच्या ज्या टेस्कोतून मी दर शनिवारी सामान आणते, ती जागा पूर्वी त्याच स्टुडिओची होती. पिशव्या घेऊन बस स्टॉपवर उभी राहते तेव्हा मला हमखास ते स्केक्सिस आठवतात. आतला माणूस एक हात डोक्यावर उंच धरून बाहुलीचं तोंड चालवतो, त्याला बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून छातीशी बांधलेल्या चिमुकल्या पडद्यावर बघत अंदाजाने हलतो. बाहुलीचा दुसरा हात चालवायला आणखी कुणीतरी. लँडस्ट्रायडर नावाच्या त्या उंच पायांच्या प्राण्यांमध्ये माणसं हातापायांना काठ्या बांधून चालत होती. स्केक्सिसचे किड्यांसारखे सैनिक, गार्थिम, त्यांचे सांगाडे इतके जड, की दोन शॉट्सच्या मध्ये आतल्या माणसासकट ते अडकवून ठेवावे लागत. एवढं अंग मोडून केलेल्या कामाला दादा ‘पोरासोरांचं’ म्हणतो, तेव्हा मला राग येतो.

पुतण्याचं एक मी मान्य करते. जेनचा चेहरा खरंच थिजलेला आहे. पण म्हातारी ऑग्रा बघ म्हणावं. एकच डोळा, तोही खोबणीतून काढून हातात धरून बघते, आणि तिचा वैताग, तिचा एकटेपणा सगळा पोहोचतो. बाहुलीचा चेहरा जेवढा कमी हलतो तेवढं आपण आपल्याकडचं त्यात घालतो. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने याची पूर्वकथा दहा भागांत काढली, तेव्हा हवी ती तंत्रं हाताशी होती. तरी मुख्य पात्रं बाहुल्याच राहिली. (“आणि एका सीझनमध्ये बंद पडली,” इति पुतण्या. बंद पडली, हो. एमी पुरस्कार मिळवून बंद पडली.)

वहिनीला मात्र मी फोनवर सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. स्केक्सिस त्या चिमुकल्या, निरुपद्रवी पॉडलिंगांचा प्राण शोषून घेतात तो प्रसंग भयंकरच आहे. पण मुलांना कधी भीतीच वाटू न देणं बरं नव्हे, असं हेन्सनचं स्पष्ट मत होतं. आणि आपल्या आजीने पडवीत बसून सांगितलेल्या गोष्टींत काय कमी भुतं होती? त्या ऐकूनही आम्ही मोठे झालोच.

इथे लंडनला लिटल व्हेनिसच्या कालव्यात एका बार्जवर बाहुल्यांचं थिएटर आहे. मी तिथे गेले आहे, शेजारी साठीचे लोक, सोबत एकही नातवंड नाही. नॅशनल थिएटरने २००७ मध्ये ‘वॉर हॉर्स’ हे नाटक केलं. बाहुलीचा एक घोडा चालवायला तीन माणसं, उघड दिसतात, तरी घोडा श्वास घेतो आणि आख्खं थिएटर गप्प होतं. इकडच्या लोकांना बाहुलीसमोर बसायला लाज वाटत नाही, हे मी त्या कॉलवर जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, “तू पिंगुळीला कधी गेलीस?”

पिंगुळी आमच्या घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपली. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात त्याचं संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी मी ट्रेनमध्ये वाचली आणि ऑफिसातल्या चौघांना अभिमानाने दाखवली.

गेले नव्हते मी. एकदाच खेळ पाहिला, सात-आठ वर्षांची असताना, देवळाच्या मांडवात. पेट्रोमॅक्सच्या उजेडात लाकडी मारुती उडी मारायचा आणि वर दोऱ्यांत गुंतलेली बोटं दिसायची, काळी, भराभर चालणारी. मला त्या बोटांची भीती वाटली होती, मारुतीची नाही. पण शेजारच्या वाडीत कुणीतरी भाड्याने व्हीसीआर आणला होता. आम्ही पोरं लंका पेटायच्या आधीच उठून पळालो. मागे मांडवात म्हातारी माणसं तेवढी उरली. खेळ करणाऱ्याने आम्हाला जाताना पाहिलं असणार, त्याची गाणी थांबली नाहीत.

सिनेमात जेन एका स्केक्सिसच्या हातात तो तुकडा खुपसतो आणि तिकडे दूर कुठेतरी एका मिस्टिकच्या हाताला तीच जखम होते. हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन. लंडनमध्ये बसून कुडाळच्या लोकांना बाहुली शिकवताना माझ्याही हाताला काहीतरी लागत होतं, ते त्या प्रश्नानंतर कळलं.

“तू तरी गेलास का?” मी दादाला विचारलं.

“रोज बाजारात जाताना फलक दिसतो,” तो म्हणाला. “उतरलो नाही कधी.”

डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. पुतण्याला सांगितलंय, गाडी तू चालवायची, आणि वहिनी, पोरं, सगळ्यांनी यायचं. घाबरली तर घाबरू देत.