पवनचक्क्या ढग पळवतात का?

सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ढग हाकलतात, म्हणून त्याच जिल्ह्यातल्या माण-खटाव तालुक्यांत पाऊस नाही, हा दावा पुन्हा फिरतोय. पवनचक्की म्हणजे घरातला पंखा नव्हे. ती वारा तयार करत नाही, वाऱ्यातली ऊर्जा काढून घेते. मागचा वारा उलट मंदावतो. वारा सेकंदाला ३-४ मीटर झाला की वीज सुरू, वेग सेकंदाला साधारण २५ मीटर झाला की पाती वाऱ्याकडे कड करतात आणि यंत्र थांबतं. जुन्या यंत्रांची पाती जमिनीपासून शंभर मीटर उंचीच्या आतच संपतात. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर जाड असतात. ढग धावताना पाती गरगरतात खरी, पण दोन्ही पळवणारा वारा एकच. माण-खटाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरामागच्या कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. १९७२च्या दुष्काळात तर या पठारावर एकही पवनचक्की नव्हती.