हेलन, मीटर आणि मी

४१ युरो. जायला पाच किलोमीटर, यायला पाच. आम्ही परत येऊन आठवडा झाला, बायको म्हणते सोड आता तो विषय. नाही सोडणार.

झालं असं की ग्रीसला गेलोच आहोत तर हेलनचं गाव बघू (ग्रीक पुराणातली राणी, जिला ट्रॉयच्या राजपुत्राने नेलं आणि जिच्यासाठी दहा वर्षं युद्ध झालं ती) म्हणून अथेन्सहून बसने स्पार्टाला गेलो. आत्ताचं स्पार्टा १८३४ साली नव्याने वसवलेलं, सरळ रस्ते, कडेला संत्र्याची झाडं (तोडून खाऊ नका, कडूजहर असतात, मी खाल्लंय). हेलन आणि तिचा नवरा मेनेलाओस यांचं देऊळ, म्हणजे त्याचे अवशेष, गावाबाहेर नदीपलीकडच्या टेकडीवर. जुलैचं ऊन, म्हणून टॅक्सी केली. टॅक्सीवाला साठीचा, मेलबर्नला अकरा वर्षं टॅक्सी चालवून परत आलेला, इंग्रजी फर्डं. मी आपलं ओळख वाढवायची म्हणून म्हटलं, "आम्हाला ट्रॉयच्या हेलनचं देऊळ बघायचंय."

त्याने गाडी बाजूला घेतली. ऑलिव्हच्या झाडाखाली, सावली बघून. इंजिन बंद केलं. मीटर नाही.

"ट्रॉय तुर्कस्तानात आहे," तो म्हणाला. "तेवढ्या लांब मी जात नाही."

आणि मग सुरू. जन्मली इथे, लग्न इथे, राणी इथली, पुरलीय इथे. मधे दहा वर्षं तिकडे काय गेली तर जगभर ट्रॉयची हेलन? मी अकरा वर्षं मेलबर्नला होतो, मला कुणी मेलबर्नचा म्हणतं का? (पुढे पेट्रोल पंपावरचा पोरगा त्याला लांबूनच "ए ऑस्ट्रेलिया!" म्हणून ओरडला, तेव्हा हा दुसरीकडे बघत होता.)

बायकोने माझी बाजू घ्यावी ना, तर नाही. ती म्हणे, "बरोबरच आहे यांचं. आमची नावं लग्न झाल्यावर बदलतात, हिचं पळून गेल्यावर बदललं."

"पळून नाही गेली! पळवली!" की आणखी पाच मिनिटं. मग म्हणे मुळात ती ट्रॉयला गेलीच नव्हती. युरिपिडीस या ग्रीक नाटककाराने इ.स.पू. ४१२ मध्ये नाटकच लिहिलंय, खरी हेलन इजिप्तमध्ये बसलेली आणि ट्रॉयमध्ये होती ती देवांनी हवेची बनवलेली नुसती आकृती. मी म्हटलं म्हणजे दहा वर्षं लोक हवेसाठी मेले? तो म्हणाला हो. इतक्या शांतपणे म्हणाला की मी गप्पच बसलो. मग आरशातून माझ्याकडे रोखून बघत त्याने स्टेसिकोरस कवीची गोष्ट सांगितली, ज्याने हेलनबद्दल वाईटसाईट लिहिलं आणि आंधळा झाला, मग सगळं मागे घेणारी दुसरी कविता लिहिली तेव्हा दृष्टी आली. मी लगेच चष्मा पुसला.

विषय निघालाच आहे तर सांगतो, सौंदर्य मोजायचं एक गमतीचं एकक आहे, मिलिहेलन. हेलनसाठी हजार जहाजं निघाली, तर एक जहाज निघेल एवढं सौंदर्य म्हणजे एक मिलिहेलन. या युद्धावर महाकाव्य रचणाऱ्या होमरच्या यादीत जहाजं ११८६ भरतात, म्हणजे इथेही कुणीतरी हिशोबात मारलंच आहे. माझ्यासाठी स्टेशनबाहेर एक रिक्षा थांबत नाही. माझं माप मायक्रोमध्ये काढावं लागेल.

असो. टेकडीवर काय आहे? दगड. मोठे चौकोनी दगड रचलेला ओटा, समोर तैगेतोस पर्वत, आणि सिकाडा किड्यांचा असा कर्कश आवाज की बायको काय बोलतेय ते कळेना (तेवढाच फायदा). हेलन दिसायची कशी ते होमर सांगतच नाही हो. गोरे हात, सुंदर केस, संपलं. उलट ट्रॉयच्या तटावर बसलेले म्हातारे तिला बघून म्हणतात की हिच्यासाठी लोक लढतात यात काही गैर नाही, पण जाऊ दे बाई तिला परत. आणि होमर या म्हाताऱ्यांना उपमा देतो ती सिकाडांची. बसल्या जागी किरकिर.

हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने याच देवळाची गोष्ट दिलीय. एका श्रीमंत घरची कुरूप मुलगी, तिची दाई तिला रोज इथे आणायची. एक दिवस एका बाईने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती स्पार्टातली सगळ्यात सुंदर बाई झाली. हे मी वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, "टेकव डोकं जरा. आलोच आहोत तर."

टेकवलं. दगड तापलेला होता.

खाली आलो तर मीटर अर्थातच चालू. आणि आता बायको आणि तो, दोघांची गट्टी. "तुमच्याकडे आहे का अशी कुणी?" झालं! हिने पिशवीतल्या चकल्या काढल्या आणि रामायण सुरू केलं, तेही शिवधनुष्यापासून. मी एक डोळा मीटरवर ठेवून "थोडक्यात सांग" म्हणतोय, कोण ऐकतंय. किष्किंधेपर्यंत पाच युरो झाले होते. समुद्र ओलांडून युद्ध, हे ऐकून तो खूश, स्टिअरिंगवर थापा मारतोय. मग विचारलं, परत आणल्यावर काय झालं? बायको थांबली. म्हणाली, आधी तुमचं सांगा.

त्याने सांगितलं, मेनेलाओस मारायलाच निघाला होता तलवार उपसून, तिला बघितलं आणि तलवार हातातून गळून पडली. जुन्या मडक्यांवर चित्रं आहेत त्याची. घरी घेऊन आला. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्यात दोघं घरी बसून पाहुण्यांना जेवायला घालतात, तिच्यापाशी सूत कातायची सोन्याची काठी. बस.

"आणि तुमची?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. जसं काही धोब्याचं मी ऐकलं होतं. गाव येईपर्यंत मग कुणीच काही बोललं नाही, मीटर सोडून.

हॉटेलपाशी ४१ झाले. मी म्हटलं अहो, त्या झाडाखाली तुम्हीच थांबलात, ती वीस मिनिटं तरी कापा. तो अस्सल ऑस्ट्रेलियन सुरात म्हणाला, "माइट, ते वेटिंग."

सहा चकल्या खाल्ल्या त्याने. मी मोजल्यात.