तीन तोंडं आणि आमचा फॅमिली ग्रुप

सांगलीच्या भाचीने जलरंगात एक चित्र काढलं आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस शिमगा झाला. चित्र मर्लिन मॅन्सन या रॉक गायकाच्या ‘ट्रिसमेजिस्टस’वरून केलेलं, तीन तोंडांचा येशू. कॉलेजच्या प्रदर्शनातून ते उतरवलं गेलं. “ही भानामती घरात नको,” असं थोरल्या काकांचं मत. एका चुलतभावाने तर जादूटोणाविरोधी कायदा लावा म्हणून लिहिलं. अरे, २०१३ चा तो कायदा लोकांना लुबाडणाऱ्या भोंदूंसाठी आहे, ब्रश धुणाऱ्या पोरीसाठी नाही!

मॅन्सनने मूळ चित्र प्रेतांना मसाला भरायच्या जुन्या टेबलाच्या फळीवर काढलंय. ट्रिसमेजिस्टस म्हणजे त्रिवार थोर, किमयागारांचा आद्यगुरू हर्मीस. मॅन्सनची बाकीची चित्रं बहुतेक जलरंगातलीच. २०१० मध्ये ती इथे ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या कुन्स्टहाले या कलादालनात सिनेदिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या लघुपटांसोबत लागली होती, तेव्हा मी गेलो होतो. सैतान बघायला गेलो आणि पाणी जास्त झालेले फिकट चेहरे बघून आलो. बाहेर मेलांज (इथली दुधाळ कॉफी) घेतली, ऊ-फिअर मेट्रो पकडली, घरी. कुणाला काही बाधलं नाही.

मग मीही ग्रुपवर लांबलचक लिहिलं. इथे डिसेंबरात क्रॅम्पस, म्हणजे शिंगवाल्या राक्षसाची सोंगं, घंटा वाजवत पोरांच्या अंगावर धावतात आणि आईबाप फोटो काढतात. इथल्या हालश्टाट गावच्या अस्थिगृहात १२०० च्या आसपास कवट्या आहेत, त्यांतल्या ६०० वर फुलापानांनी रंगवलेल्या. तुम्ही एका कागदाला घाबरता? (इथल्या दंडसंहितेतही धर्माची टवाळी करणाऱ्यांसाठी कलम १८८ आहे, ते मी लिहिलं नाही.)

२०२१ मध्ये अभिनेत्री इव्हान रेचेल वूडने मॅन्सनवर छळाचे आरोप केले, नंतर आणखी स्त्रिया बोलल्या. तो ते नाकारतो, आणि २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी खटला भरायचा नाही असं ठरवलं. याच्यावरून कुणी भाचीला टोकलं असतं, तर मी निदान ऐकून घेतलं असतं. पण ग्रुपवर सगळ्यांना खुपली ती तोंडं. तीन तोंडं! नरसोबाच्या वाडीपासून तासाभरावर राहणाऱ्या माणसांना!

काकांचं उत्तर एका ओळीचं आलं: “तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय?”

भाचीला म्हटलं, चित्र मला पाठव. रविवारी आलं असतं तर भिंतीला भोक पाडता आलं नसतं (इथे रविवारी शांतता पाळावी लागते), पण ते आलं शनिवारी. मुलगा बघून म्हणाला, “बाबा, हा क्रॅम्पस?” म्हटलं, नाही रे, मला तर दत्तासारखा वाटतो. “दत्त कोण?”

हॉलमध्ये वाडीहून आणलेली दत्ताची तसबीर होती आमच्याकडे. सहा हात, चार कुत्री, गाय. ऑफिसातली मंडळी पहिल्यांदा जेवायला आली त्या दिवशी दुपारी मी ती उतरवली. कुणी सांगितलं नव्हतं. एवढं सगळं जर्मनमध्ये कोण समजावत बसणार, एवढंच डोक्यात होतं. कपाटावर आहे अजून, टॉवेलात गुंडाळलेली. खिळा मात्र भिंतीत तसाच होता. भाचीचं चित्र त्यालाच लावलं.